बाखच्या ट्रम्पेटवाल्याकडे सात-आठ फुटांची नळी होती, मग आज तेच सूर वाजवायला सगळे छोटा ट्रम्पेट का घेतात?

मुळशीत पौड-पिरंगुटच्या बाजूला एखाद्या लग्नाला किंवा गावच्या यात्रेला गेलात, तर एक सीन हमखास बघायला मिळतो. नवरदेव मांडवाच्या दारात येतो किंवा पालखी देवळातून बाहेर निघते, तसा तुतारीवाला दोन पावलं पुढे होतो, छाती भरून श्वास घेतो आणि फुंकतो. आजूबाजूचे मोबाईल आपोआप वर जातात.

आता पुढच्या वेळी तुतारी जरा नीट बघा. तिला भोकं नसतात. बटणं नसतात. बोटांना करायला काहीच काम नसतं. जे काही होतं ते ओठांवर आणि दमावर होतं. म्हणूनच तुतारीवर दोन-चार सूर निघतात, ललकारी निघते, पण अख्खं गाणं काही निघत नाही.

पण समजा कुणी सांगितलं की अशाच बिनभोकाच्या, बिनबटणाच्या नळीवर एक माणूस गायिकेच्या गळ्याशी सवाल-जवाब करायचा, झरझर ताना घ्यायचा, आणि त्याच्या भरवशावर जगातल्या सर्वात मोठ्या संगीतकारांपैकी एकाने आपले सगळ्यात अवघड सूर लिहिले, तर?

तर अशा माणसाचं नाव होतं गॉटफ्रीड राइशे. संगीतकार होता योहान सेबास्टियन बाख. आणि राइशे गेल्यावर काही पिढ्यांत ही विद्या अशी बुडाली की ते सूर परत वाजवायला माणसाला एक नवीनच वाद्य बनवावं लागलं. आज बरोक संगीतासाठी जो छोटासा, चिरका ट्रम्पेट विकत घेतात, त्याच्या जन्मामागे हीच गोष्ट आहे.

शहराचा वाजंत्री

राइशेचा जन्म 5 फेब्रुवारी 1667 चा, जर्मनीतल्या वायसनफेल्स गावचा. म्हणजे इकडे शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून येऊन काही महिनेच झाले होते, तेव्हाचा हा काळ.

1688 मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो जवळच्याच लाइपझिग शहरात आला. लाइपझिग म्हणजे व्यापाऱ्यांचं आणि विद्यार्थ्यांचं शहर. तिथली जत्रा आणि विद्यापीठ दोन्ही नावाजलेले. आणि अशा प्रत्येक मोठ्या जर्मन शहराकडे तेव्हा पगारी वाजंत्री असायचे.

आपल्याकडे देवळाच्या किंवा वाड्याच्या नगारखान्यात सनई-चौघडा झडायचा, त्याने गावाला वेळ कळायची. तिकडे तेच काम शहराचे वाजंत्री करायचे. लाइपझिगच्या नगरपालिकेच्या इमारतीवरून रोज सकाळी 10 वाजता त्यांचं वादन व्हायचं. राइशेच्या आधी तिथे योहान पेत्सेल नावाचा वाजंत्री होता. त्याने या दहाच्या वादनासाठी रचना केल्या आणि 1670 मध्ये चक्क दहाव्या तासाचं संगीत अशा अर्थाच्या नावाने छापल्या.

या लोकांना फक्त एक वाद्य येऊन चालत नव्हतं. ट्रम्पेट, शिंग, ट्रॉम्बोन, व्हायोलिन, जे लागेल ते वाजवायचं. चर्चमध्ये रविवारी वाजवायचं, शहराच्या समारंभात वाजवायचं, आणि वरकमाई म्हणून श्रीमंतांच्या लग्नात वाजवायचं. शहरातल्या लग्नात वाजवण्याचा हक्क त्यांचाच. बाहेरचा कुणी सुपारी घेऊन आला की भांडण ठरलेलं.

बढती मात्र कासवाच्या गतीने मिळायची. वरचा माणूस मेला किंवा गेला की मगच खालचा एक पायरी वर. राइशेच्या बाबतीतही तेच झालं. 1700 मध्ये त्याला शहराच्या व्हायोलिनवाल्यांच्या जागेवर घेतलं. 1706 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी, तो पूर्ण वाजंत्री झाला. आणि 1719 मध्ये सगळ्या वाजंत्र्यांचा प्रमुख. तेव्हा तो 52 वर्षांचा होता.

मधल्या काळात, 1696 मध्ये, त्याने चार वाद्यांसाठीच्या 24 रचना छापल्या होत्या. त्या खास बुरुजावरून वाजवण्यासाठी होत्या. म्हणजे हा गडी नुसता फुंकणारा नव्हता, लिहिणाराही होता.

पण बिनबटणाच्या नळीतून गाणं निघायचं कसं?

इथे थोडं विज्ञान समजून घ्यावं लागतं. अवघड नाही.

कुठलीही नळी फुंकली की तिच्यातून वाटेल तो सूर निघत नाही. ठरावीकच सूर निघतात. ही एक शिडी आहे असं समजा. शिडीच्या खालच्या पायऱ्या एकमेकींपासून खूप लांब असतात, पण जसजसं वर जाल तसतशा त्या जवळ जवळ येत जातात. तुतारीवाला खालच्या पायऱ्यांवर असतो, म्हणून त्याच्याकडे मोजके सूर आणि मध्ये मोठ्या उड्या.

पण शिडीच्या आठव्या पायरीपासून पुढे गेलं की पायऱ्या इतक्या जवळ येतात की सा रे ग म असं सलग चालता येतं. आठव्यापासून सोळाव्या पायरीपर्यंत जवळजवळ सगळं सप्तक मिळतं. युरोपातल्या वादकांनी हेच हेरलं. नळी लांब ठेवायची आणि ओठांच्या जोरावर थेट शिडीच्या टोकाला जाऊन नाचायचं. या उंच वादनाला क्लारिनो म्हणत.

यात दोन संकटं होती. पहिलं म्हणजे पायऱ्या जवळ असल्यामुळे ओठ जरासा हलला की सूर बाजूच्या पायरीवर घसरला. दुसरं म्हणजे निसर्गाने काही पायऱ्या बेसूर बसवल्यात. अकरावी आणि तेरावी पायरी आपल्या कानाला लागणाऱ्या सुरात बसतच नाही. वादकाला त्या सुराला फुंकता फुंकता ओठांनी वर-खाली ओढून जागेवर आणावं लागायचं. तेही भर वेगात.

आणि नळी किती लांब? डी या सुरातल्या ट्रम्पेटची नळी साधारण सात फुटांची. सूर खाली घ्यायचा असेल तर आठ फुटांपर्यंत. ती घडी घालून किंवा गुंडाळून हातात धरता येईल अशी करायचे. न्यूरेनबर्ग शहरातले कारागीर यासाठी प्रसिद्ध होते. पातळ पितळेचा पत्रा हाताने ठोकून ते नळी घडवायचे.

ही विद्या पुस्तकात नव्हती. 1623 मध्ये सम्राट फर्डिनांड दुसरा याने ट्रम्पेटवाल्यांच्या संघटनेला खास हक्क दिले होते. कुणी शिकायचं, कुणी शिकवायचं, कुणी कुठे वाजवायचं, सगळं ठरलेलं. गुरूकडून शिष्याकडे, बापाकडून मुलाकडे. आपल्याकडच्या घराण्यांसारखंच म्हणा ना.

बाख लाइपझिगला येतो

1723 च्या मे महिन्यात बाख लाइपझिगला आला. चर्चच्या संगीताची सगळी जबाबदारी त्याच्यावर. तो 38 वर्षांचा, राइशे 56 चा.

बाखने आल्या आल्या कामाचा धडाका लावला. जवळपास दर रविवारी नवीन रचना. आणि सणासुदीच्या रचनांमध्ये ट्रम्पेट हवाच. पहिल्याच नाताळात त्याने मॅग्निफिकात सादर केलं, त्यात तीन ट्रम्पेट. 1730 च्या आसपास एकट्या गायिकेसाठी आणि एकट्या ट्रम्पेटसाठी अशी एक कॅन्टाटा लिहिली, जिच्यात दोघांची अक्षरशः जुगलबंदी आहे. आज जगभरचे ट्रम्पेटवाले ती वाजवायच्या आदल्या रात्री नीट झोपत नसतील, इतकी ती अवघड.

1727 मध्ये राइशेने साठी पूर्ण केली आणि त्याचं तैलचित्र काढलं गेलं. एका वाजंत्र्याचं तैलचित्र काढलं जाणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. चित्रकार होता एलियास गॉटलोब हाउसमान. याच हाउसमानने पुढे 1746 मध्ये बाखचंही चित्र काढलं, जे आज प्रत्येक संगीताच्या पुस्तकात दिसतं.

चित्रात राइशेच्या एका हातात सुरांचा कागद आहे. दुसऱ्या हातात ट्रम्पेट. पण तो लांबलचक ट्रम्पेट नाही. गोल गोल गुंडाळलेला, मुठीत मावेल असा आटोपशीर आहे. पहिल्या नजरेत वाटतं, अरे, हा तर छोटा ट्रम्पेट! पण ती गुंडाळी उलगडली तर लांबच लांब नळी निघेल. हे लक्षात ठेवा, कारण बरोक ट्रम्पेट म्हणजे छोटा ट्रम्पेट हा आजचा समज मोडायला हे एक चित्र पुरेसं आहे.

पण सगळं गोडगोड चालू होतं असंही नाही. 1730 च्या ऑगस्टमध्ये बाखने शहराच्या कारभाऱ्यांना एक लांबलचक निवेदन दिलं. माणसं कमी आहेत, पैसे कमी आहेत, चांगलं संगीत होणार कसं, असा त्याचा सूर. त्यात त्याने शहराच्या आठ वादकांची यादी दिली. पहिला ट्रम्पेट म्हणून राइशेचं नाव आहे, तिसऱ्या ट्रम्पेटची जागा रिकामी आहे. आणि या आठ जणांच्या दर्जाबद्दल बोलणं बरं नाही असं म्हणत बाखने बोलूनही टाकलंय, की काही जण निवृत्तीच्या वयाचे आहेत आणि काहींचा रियाज कमी पडतोय.

राइशे तेव्हा 63 वर्षांचा होता. फुंकून वाजवायच्या वाद्यात साठीनंतर ओठांचे स्नायू साथ सोडायला लागतात. दात हलले तर खेळ खल्लास. तरीही पहिल्या ट्रम्पेटची जागा त्याच्याकडेच राहिली. त्याच्या वरचं ना कुणी होतं, ना त्याच्या जागी बसवायला कुणी तयार होतं.

5 ऑक्टोबर 1734 ची रात्र

सॅक्सनीचा शासक ऑगस्टस तिसरा याची 5 ऑक्टोबर 1733 ला पोलंडचा राजा म्हणून निवड झाली होती. त्याला एक वर्ष पूर्ण होत होतं. राजा अगदी ऐनवेळी, 2 ऑक्टोबरला, लाइपझिगमध्ये दाखल झाला. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, राजासमोर दणक्यात कार्यक्रम करायचा. बाखकडे जेमतेम तीन दिवस होते. त्याने दोन गायकवृंद, तीन ट्रम्पेट आणि नगारे अशी भलीमोठी रचना उभी केली.

5 तारखेला रात्री 9 च्या सुमारास बाजारचौकात कार्यक्रम झाला. उघड्यावर. ऑक्टोबरची थंडी. 600 विद्यार्थी मशाली घेऊन मिरवणुकीने आले होते. राजा-राणी खिडकीत उभे राहून ऐकत होते. आणि खाली त्या मशालींच्या धुरात 67 वर्षांचा राइशे शिडीच्या सगळ्यात वरच्या पायऱ्यांवर सूर लावत होता.

कार्यक्रम झाला. राजा खूश झाला.

दुसऱ्या दिवशी, 6 ऑक्टोबरला, राइशे घरी चालला होता. वाजंत्र्यांची घरं ज्या गल्लीत होती, जिला वाजंत्र्यांची गल्ली असंच नाव होतं, तिथे घराजवळच त्याला झटका आला आणि तो कोसळला. घरात नेलं ते त्याचं शवच. शहरातल्या रीमर नावाच्या नोंदकाराने त्या काळात लिहून ठेवलंय की आदल्या रात्री राजासमोर वाजवताना पडलेला ताण आणि मशालींचा धूर याने त्याचा जीव घेतला.

अडीच महिन्यांनी, 25 डिसेंबर 1734 ला, बाखचा ख्रिसमस ओरॅटोरिओ पहिल्यांदा सादर झाला. नगारे आणि ट्रम्पेट यांनी सुरू होणारी ती रचना आजही युरोपात नाताळ आला की घराघरात वाजते. तिच्या सुरुवातीचं संगीत मुळात एक वर्ष आधी, राइशे हयात असताना, राणीच्या वाढदिवसासाठी लिहिलेलं होतं. पण आता पहिला ट्रम्पेट दुसऱ्याच माणसाच्या हातात होता.

विद्या बुडाली

एक योगायोग बघा. ज्या 1734 मध्ये राइशे गेला, त्याच वर्षी, त्याच्याच वायसनफेल्स गावात योहान एर्न्स्ट आल्टेनबुर्ग जन्माला आला. बाप दरबारी ट्रम्पेटवादक. पोरगाही रीतसर शिकून तयार झाला. पण तोपर्यंत जमाना बदलला होता. दरबारात ट्रम्पेटवाल्यांच्या जागाच उरल्या नव्हत्या. शेवटी तो बिटरफेल्ड गावात चर्चचा ऑर्गन वाजवायला बसला. 1795 मध्ये त्याने ट्रम्पेट आणि नगारे वाजवण्याच्या कलेवर एक पुस्तक छापलं. आज जगात कुणालाही जुनी क्लारिनो विद्या शिकायची असेल तर हे पुस्तक लागतंच. पण ते लिहिलं गेलं तेव्हा ती विद्या जवळपास संपली होती.

संपली म्हणजे किती संपली? 1789 मध्ये मोझार्टने हँडेलच्या मसाया या रचनेला नवीन साज चढवला, तेव्हा त्यातल्या ट्रम्पेटच्या प्रसिद्ध गाण्यात त्याला बदल करावे लागले. मूळ ट्रम्पेटचे सूर जसेच्या तसे ठेवणं आता व्यवहार्य राहिलं नव्हतं. राइशेला जाऊन फक्त 55 वर्षं झाली होती.

मग 1818 च्या सुमारास व्हॉल्व्ह आले. बटण दाबलं की हवेला जास्तीची नळी मिळते आणि मधले गाळलेले सूर भरून निघतात. कमालीचा शोध. पण त्यामुळे शिडीच्या टोकावर नाचायची गरजच संपली. ट्रम्पेटवाले खालच्या, सोप्या पायऱ्यांवर उतरले.

इकडे एकोणिसाव्या शतकात बाखची रचना परत वाजायला लागली आणि सगळ्यांची पंचाईत झाली. कागदावर सूर आहेत, वाजवणारा कुणी नाही. कुठे क्लॅरिनेटला ते सूर दिले गेले, कुठे गाळले गेले. अगदी 1950 मध्ये पाब्लो कासाल्स या दिग्गजाने दुसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोचं रेकॉर्डिंग केलं, त्यात ट्रम्पेटच्या जागी सॅक्सोफोन आहे. 1721 चं संगीत आणि सॅक्सोफोन!

मग आला छोटा ट्रम्पेट

1884 मध्ये बाखच्या जन्मगावी, आयझेनाखला, त्याच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तिथे यूलियुस कोस्लेक नावाच्या वादकाने एका लांब, सरळ ट्रम्पेटवर बाखचे उंच सूर वाजवून दाखवले. पुढच्या वर्षी लंडनमध्येही त्याने तेच केलं. लोक वेडे झाले. हाच बाखचा ट्रम्पेट, असं नाव पडलं. प्रत्यक्षात त्याला दोन व्हॉल्व्ह होते आणि तो बाखच्या काळातल्या नळीपेक्षा बराच आखूड होता.

पण दिशा मिळाली. कारागिरांनी नळी अजून आखूड करायला घेतली. बेल्जियममध्ये माहियों या कंपनीने 1898 मध्ये जी सुरातला आणि 1906 च्या सुमारास त्याहून वरचा बी फ्लॅट सुरातला छोटा ट्रम्पेट बनवला. हाच आजचा पिकोलो ट्रम्पेट.

नळी आखूड केल्याने नेमकं काय झालं? शिडीच बदलली. बँडमध्ये दिसणाऱ्या नेहमीच्या ट्रम्पेटची नळी साधारण साडेचार फुटांची. पिकोलोची त्याच्या निम्मी. जो उंच सूर राइशेच्या नळीत सोळाव्या पायरीवर होता, तो पिकोलोमध्ये साधारण पाचव्या पायरीवर येतो. तिथे पायऱ्या लांब लांब आहेत, त्यामुळे घसरायची भीती कमी. मधल्या जागा व्हॉल्व्ह भरून काढतात.

1960 च्या दशकात मोरिस आंद्रे या फ्रेंच वादकाने पिकोलो घराघरात नेला. खाणकामगारांच्या घरातला, स्वतः किशोरवयात कोळशाच्या खाणीत राबलेला हा माणूस. त्याच्या रेकॉर्ड्सनी जगाला सांगितलं की बरोक ट्रम्पेट असा वाजतो. 1967 मध्ये बीटल्सच्या पेनी लेन या गाण्यात डेव्हिड मेसनने जो चिरका ट्रम्पेट वाजवलाय, तोही पिकोलोच. पॉल मॅकार्टनीने त्याला टीव्हीवर बाखचा दुसरा ब्रांडेनबुर्ग वाजवताना बघितलं आणि बोलावून घेतलं.

आणि 1977 मध्ये व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यातली पहिली संगीतरचना कुठली? हाच दुसरा ब्रांडेनबुर्ग, आधुनिक छोट्या ट्रम्पेटवर वाजवलेला. त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. हा कॉन्चेर्तो बाखने लाइपझिगला यायच्या आधी लिहिलेला, त्यामुळे तो राइशेसाठी नव्हता. पण जात तीच, लांब नळीची.

आज निवडायचं झालं तर काय निवडायचं?

बाख वाजवायचाच असं एखाद्या ट्रम्पेटवाल्याने मनावर घेतलं, की तो दुकानात जाऊन पिकोलो मागतो. तेव्हा काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट, छोटा ट्रम्पेट घेतला म्हणून उंच सूर फुकटात मिळत नाहीत. ओठ तेवढ्याच वेगाने थरथरावे लागतात. नेहमीच्या ट्रम्पेटवर जो सूर लागत नाही, तो पिकोलोवरही लागत नाही. छोटी नळी नेम चुकू देत नाही, एवढंच. ताकद ज्याची त्यालाच कमवावी लागते.

दुसरी, तीन व्हॉल्व्हचा घ्यायचा की चारचा? चौथा व्हॉल्व्ह खालचे सूर मिळवून देतो आणि काही बेसूर जागा सुधारतो. म्हणून बहुतेक जण चारचाच घेतात.

तिसरी, चांगल्या पिकोलोसोबत तोंडाकडच्या दोन नळ्या येतात, एक बी फ्लॅटची आणि एक ए ची. बाखचे बहुतेक ट्रम्पेट डी सुरात आहेत, आणि ते ए च्या नळीवर बोटांना सोपे जातात.

चौथी, माऊथपीस. छोट्या ट्रम्पेटला अगदी चिमुकला माऊथपीस लावला की आवाज पातळ आणि कर्कश होतो. जुन्या वादकांचे माऊथपीस तर चांगले रुंद होते.

आणि शेवटची गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. ब्रांडेनबुर्गमध्ये ट्रम्पेटच्या बाजूला एक साधी बासरीसारखी रेकॉर्डर असते. पिकोलो जोरात लागला तर ती बिचारी ऐकूच येत नाही. मग बाख काय वेडा होता का? नाही. लांब, पातळ पत्र्याची नळी शिडीच्या टोकावर हळू वाजते, गोल वाजते, रेकॉर्डरच्या शेजारी नांदते. बाखचा हिशोब त्या आवाजाचा होता.

लांब नळी परत आली

1960 च्या सुमारास ओटो श्टाइनकोप्फ नावाच्या बर्लिनच्या कारागिराने हेल्मुट फिंकेच्या साथीने एक उद्योग केला. हाउसमानने काढलेलं राइशेचं चित्र समोर ठेवलं आणि त्यातला गुंडाळलेला ट्रम्पेट नव्याने घडवला. बेसूर पायऱ्या सुधारायला त्याने नळीला तीन बारीक भोकं पाडली. वाल्टर होली या वादकाने तो वाजवला आणि लांब नळीवर बाख परत उभा राहिला, तोही सॅक्सोफोनशिवाय.

त्यानंतर अनेक जण पिकोलो सोडून लांब नळीकडे वळले. आज जुन्या वाद्यांवर वाजवणाऱ्या बहुतेक वाद्यवृंदांत भोकांचा लांब ट्रम्पेट असतो. पण ही भोकंही तडजोडच, राइशेच्या काळात ती नव्हती. फ्रान्सच्या जाँ-फ्रान्स्वा मादफसारखे मोजके वादक मात्र भोकं न पाडलेल्या नळीवरच वाजवतात, अगदी राइशेसारखं. सूर हुकले तर हुकले.

राइशेच्या हातातला तो सुरांचा कागद आठवतोय? हाउसमानने त्यावरचे सूर इतके स्पष्ट रंगवलेत की ते वाचून वाजवता येतात. आब्लाझेन या नावाने ती छोटीशी धून ओळखली जाते. अमेरिकेत 1979 पासून सीबीएस संडे मॉर्निंग या टीव्ही कार्यक्रमाची सुरुवात याच धुनेने होते. आधी डॉन स्मिथर्सने लांब नळीवर वाजवलेलं रेकॉर्डिंग लावायचे. ते झिजल्यावर डॉक सेव्हरिन्सनने पिकोलोवर वाजवलेलं आलं, आणि त्यानंतर विंटन मार्सालिसचं.

म्हणजे कोट्यवधी लोकांनी रविवारच्या चहासोबत राइशेची ही धून ऐकलीये, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचं नाव माहीत नाही.

यूट्यूबवर आब्लाझेन शोधा. पिकोलोवरचं एक ऐका आणि लांब नळीवरचं एक ऐका. दुसऱ्यात एखादा सूर किंचित डळमळतो, मग सावरतो. बरोबर त्या जागी वादकाचा ओठ पायरीवरून घसरता घसरता वाचलेला असतो. 5 ऑक्टोबर 1734 च्या रात्री, धुरात उभं राहून, 67 व्या वर्षी राइशे असेच सूर सावरत होता.